पागलखाना चौकातून आत

आमच्या नागपुरात एका चौकाचे नावच पागलखाना चौक आहे. ऑटोवाले तेच नाव पुकारतात आणि आम्हीही लहानपणापासून तेच घेत आलो. प्रादेशिक मनोरुग्णालय त्या भागात आहे. इंग्रजी अमदानीत, 1864 साली ते सुरू झाले. राज्यात अशी चार रुग्णालये आहेत : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे आपले. इंदोऱ्याहून कडबी चौक, सदर, छावणी असे गेले तर ऑटोने अर्धा तासही लागत नाही. तरी त्या फाटकाच्या आत पाय ठेवण्याचा प्रसंग आमच्यावर 2024 च्या जुलैपर्यंत आला नव्हता. मोहल्ल्याची एवढी कामे केली, रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत, पण याच्यासाठी आमच्याकडे कुणी आलेच नाही. आता वाटते, येणारे असतील, बोलले नसतील.

प्रसंग असा घडला. आमच्या गल्लीतील एक वहिनी वर्षभरापासून गप्प गप्प राहू लागल्या होत्या. पहाटे तीनला जाग यायची, चूल थंड, केस विंचरलेले नाहीत. कुणी म्हणाले आळस, कुणी बाहेरचे झाले म्हणून उतारा टाकायला सांगितले. त्यांचे पती ठेकेदाराकडे सुरक्षा रक्षक, हातात तेरा हजार पडतात. बिचाऱ्यांनी खाजगी डॉक्टर गाठला. आजाराचे निदान बरोबर झाले, नैराश्य. गोळ्याही लागू पडल्या. अडले ते पैशांत.

आम्ही कारकून माणसे, हिशेब केल्याशिवाय आम्हाला समजत नाही. त्यांच्या घरी बसून कागदावर मांडले. डॉक्टरची फी सातशे, महिन्याच्या गोळ्या अकराशे पन्नास, जाण्यायेण्याचे एकशे वीस. म्हणजे एकोणीसशे सत्तर. पगाराचा जवळजवळ सातवा हिस्सा! घरभाडे, किराणा, बारावीतल्या मुलीची शिकवणी हे वेगळेच. हिशेब चालू असताना वहिनी हळूच बोलल्या, "मी दोन महिन्यांपासून एक दिवसाआड गोळी घेतो, भाऊ. पाकीट पुरते." पतीला हे ठाऊकच नव्हते. आणि पुढे म्हणाल्या, "मी नसले तर हा खर्चच राहणार नाही ना."

त्या रात्री आमच्या सौभाग्यवती त्यांच्याच घरी झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे ऑटोत बसलो. चौकाचे नाव ऐकताच वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. "अलीकडेच उतरू, पायी जाऊ." आम्ही उतरलो आणि उरलेला रस्ता पायी गेलो. काय करणार, चौकाचे नाव एका दिवसात बदलत नाही.

आत आम्हाला साखळदंड दिसतील, किंकाळ्या ऐकू येतील असे काहीसे मनात होते. खरे सांगायचे तर सिनेमाने आमचेही डोके बिघडवले आहे. बाह्यरुग्ण विभागात दिसली ती आपल्यासारखीच माणसे. डबा घेऊन आलेली म्हातारी, शाळेच्या गणवेशातला मुलगा, भंडाऱ्याकडून पहाटेच निघालेले एक जोडपे. बहुतेक जण तपासून, औषध घेऊन संध्याकाळी घरी परतणारे. भरती करून घेतील ही वहिनींची धास्ती बाकड्यावर बसल्या बसल्याच निम्मी झाली.

रांग मात्र मोठी होती. सकाळी गेलेलो, औषध हाती पडेपर्यंत दुपार झाली. पतीची दिवसपाळीची हजेरी बुडाली. मोफत उपचारालाही हा दाम मोजावा लागतो, तो कुठल्याच पावतीवर येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींनाच बोलते केले, पतीला बाहेर बसवून. नंतर दोघांना समजावले : गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नये. बरे वाटले तरी पुढे निदान सहा महिने चालू ठेवायची. एक दिवसाआड घेणे म्हणजे पैसेही गेले आणि गुणही नाही. बंद करायची झाली तर डॉक्टरच हळूहळू कमी करतील. जीव नकोसा झाल्याचेही वहिनींनी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, कागदावर लिहिले आणि पुढची तारीख जवळची दिली.

खिडकीवर फ्लुओक्झेटिन मिळाले. फी नाही, औषधाचे पैसे नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 18 आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी ठिकाणी हा उपचार फुकट मिळण्याचा हक्क त्यात दिला आहे, आणि पिवळे कार्ड हातात नसले तरीही! कार्डासाठी चपला झिजवलेल्या आपल्या लोकांनी हे कलम पाठ करावे.

ज्यांना इतके लांब येणे जमत नाही त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा वार कोणता ते विचारावे. नागपुरात मेडिकल व मेयोतही हा विभाग आहे. खाजगी डॉक्टरच सोयीचा असेल तर त्यांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि ते जनऔषधी केंद्रात विचारावे. फ्लुओक्झेटिन, एस्सिटालोप्राम, अॅमिट्रिप्टिलिन ही नावे 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. कंपनीचे नाव बदलले की किंमत कशी घसरते ते पाहून आमच्यासारख्या हिशेबी माणसालाही चक्कर आली. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापली जाते त्यांनी तर आपला दवाखाना सोडूच नये, घरच्यांचाही त्यावर हक्क आहे. आणि रात्री-अपरात्री मन फारच बुडू लागले तर 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येते. वहिनींच्या घरी तो आम्ही कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला.

नवा हिशेब असा : ऑटोचे ऐंशी, चहाचे चाळीस. हजेरी बुडू नये म्हणून आता पतीऐवजी आमची मंडळी सोबत जातात. तिसऱ्या खेपेला वहिनी वेणी घालून निघाल्या होत्या. झोप अजून पहाटे मोडते, पण चूल पेटते. परतीच्या ऑटोत त्यांनी मुलीच्या परीक्षेची तारीख विचारली. पुढची खेप मंगळवारी आहे. त्या दिवशी आमच्या घरी पाहुणे येणार, म्हणून या वेळी आम्ही अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला आहे.