सतरा वाव पाण्यावर

मालवणास गेलों असतां एका सारस्वत स्नेह्यांच्या आग्रहास्तव भाड्याची होडी करून तळची मासळी धरण्यास निघालों. मी शाकाहारी, पण समुद्राचा मोह सुटेना. १६६४ सालीं ज्याची पायाभरणी झाली तो सिंधुदुर्ग मागें पडला, आणि खडकाळ तळ गांठून तांडेलानें नांगर टाकला.

शिसें बांधलेली गरी सतरा वाव, म्हणजे सुमारें १०० फूट, खोल सोडली. तासाभरानें माझ्या दोरीस हिसका बसला. वर आला तो वीतभर गोबरा. डोळे बटबटीत, जठर तोंडाबाहेर आलेलें! लहान म्हणून मी त्यास सोडून दिलें. पण तो बुडेना, उताणा तरंगूं लागला. तितक्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. मासा झपाट्यानें वर ओढला, कीं त्याच्या पोटांतील वायूची पिशवी त्याच मानानें फुगते आणि त्यास परत खालीं जाऊं देत नाहीं. तांडेल शांतपणें म्हणाला, “काकानू, दया करूची तर गरी सोडूच्या आधी करूची.”

इतक्यांत घारीनें झडप घातली. मीं दोरी गुंडाळून ठेवली.

घरीं मुलांनीं विचारलें, “किती मासे धरले?”

“एक,” एवढेंच मीं सांगितलें.