पहिली यादी

झाशी हे नाव मराठी वाचकाच्या मनात उमटते ते किल्ल्याच्या तटासह. नेवाळकरांचे संस्थान, राणी लक्ष्मीबाई आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांचा १९०७ साली ग्रंथरूपाने आलेला ‘माझा प्रवास’ एवढ्या सामग्रीवर ही झाशी उभी असते. रेल्वे आल्यानंतर वाढलेली दुसरी झाशी त्या चित्रात सहसा येत नाही. कारखाना, यार्ड, कामगारांच्या चाळी आणि वसाहती यांची ती झाशी. नगरा हा भाग त्याच झाशीतला. रेल्वे आणि लष्कर ही दोन खाती जेथे जेथे शेजारी नांदली, तेथे तेथे हॉकी रुजली. झाशीत तर ती अशी रुजली की, १९०५ साली प्रयागला जन्मलेला आणि वडिलांच्या फौजी नोकरीमुळे येथे वाढलेला ध्यानचंद जगाने झाशीचा म्हणूनच ओळखला. १९७९ साली दिल्लीत त्याचे निधन झाले. अंत्यसंस्कार मात्र झाशीच्या हिरोज मैदानावर झाले.

ज्या गावात खेळ रुजतो तेथे एक दुसरा खेळही रुजतो, आणि तो मैदानाबाहेर बसलेल्यांचा असतो. हंगामाचे दोन सामने होतात न होतात तोच कोणता संघ पहिला, कोणता दुसरा, कोणाची आघाडीची फळी पोकळ, याचा निकाल लागलेला असतो. या निकालांची चेष्टा करणे सोपे आहे. पण त्यांची किंमत नेमकी काय, हा प्रश्न चेष्टेने सुटत नाही. आणि ज्यांचा व्यवसायच इतरांच्या कृतींची प्रतवारी लावण्याचा आहे, त्या साहित्यसमीक्षकांनी तर तो टाळण्यात अर्थ नाही.

प्रतवारीचा हा उद्योग सर्वांत पद्धतशीरपणे चालतो तो अमेरिकेत. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ बहुतांशी हातांनी खेळला जातो, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. महाविद्यालयांचे शंभराहून अधिक संघ. प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात डझनभर सामने. सर्वांची सर्वांशी गाठ पडणे अशक्य. मग श्रेष्ठ कोण? असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ च्या ऑक्टोबरात यावर तोड काढली. क्रीडापत्रकारांनी दर आठवड्याला मते द्यायची आणि त्यांच्या बेरजेतून क्रम लावायचा. पहिल्याच यादीत मिनेसोटा अग्रस्थानी होते. ३१ ऑक्टोबरला नॉर्थवेस्टर्नने त्यांना ६-० असे हरवले आणि ते स्थान घेतले. पुढे नॉर्थवेस्टर्नही नोत्र दामकडून हरले आणि हंगामाअखेर मिनेसोटा पुन्हा पहिले ठरले. यादी चुकली, सुधारली आणि पहिल्या ठिकाणी परत आली.

१९५० पासून मात्र ही यादी एकही सामना होण्यापूर्वीच निघू लागली. त्या वर्षी नोत्र दाम पहिले. यात अन्यायाचे काही नव्हते; मागील चार हंगामांत हा संघ एकदाही हरला नव्हता. त्या हंगामात त्याने नऊ सामन्यांपैकी चार जिंकले, चार गमावले, एक बरोबरीत सुटला. मतदारांनी जे मोजले ते गतकाळाचे पुण्य होते, आणि त्याची नोंद त्यांनी भविष्याच्या रकान्यात केली. मराठी वाङ्मयव्यवहाराला हा प्रकार अपरिचित नाही. प्रस्थापित लेखकाच्या नव्या पुस्तकाचे स्वागत पुष्कळदा त्याच्या जुन्या पुस्तकाचे असते. उलट बाजूही आहे. १९४७ साली निघालेल्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या संग्रहाची पहिली जाहीर परीक्षा अश्लीलतेच्या खटल्यात झाली. आज त्याच्याशिवाय मराठी नवकवितेचा अभ्यासक्रम लावता येत नाही.

म्हणून आरंभीची यादी निरर्थक असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे करता येत नाही. १९३६ हेच वर्ष, आणि झाशीचाच खेळाडू, त्याच्या आड येतो.

त्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय हॉकी संघाचा कर्णधार ध्यानचंद होता. १९२८ आणि १९३२ ची सुवर्णपदके गाठीशी; तेव्हा कोणत्याही यादीत हा संघ पहिलाच असता. १६ जूनला दिल्लीत स्थानिक संघाने त्याला ४-१ असे हरवले. पुढचे सामने बरे झाले आणि संघ जहाजाने निघाला. १३ जुलैला तो बर्लिनला पोहोचला आणि चार दिवसांनी, १७ जुलैला, जर्मन संघाशी सरावाचा सामना खेळला. पुन्हा ४-१, पुन्हा पराभव.

या पराभवाचे वाचन अनेक प्रकारे करता येत होते. प्रवासाचा शीण, परका देश, अनोळखी मैदान ही सबब खोटी नव्हती. जर्मनांनी हा खेळ मनापासून अभ्यासला होता, हेही खरे. आणि सरावाचा सामना तो सरावाचाच, असे म्हणून खांदे उडवणेही शक्य होते. एका सामन्याच्या आकड्यात आपले बळ, प्रतिस्पर्ध्याचे बळ आणि योगायोग हे तिन्ही असे कालवलेले असतात की, दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यावाचून ते वेगळे होत नाहीत. संघाच्या धुरीणांनी मात्र वाट पाहिली नाही. फळीत, ध्यानचंदच्या उजव्या हाताशी, उणीव आहे असे त्यांनी ठरवले आणि मूळ यादीत नसलेल्या दाराला भारतातून तारेने बोलावले. तो विमानाने आला आणि उपान्त्य सामन्यापूर्वी संघात दाखल झाला.

तोवर हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-०, जपानवर ९-० असे विजय मिळाले होते. उपान्त्य सामन्यात फ्रान्सवर १०-०. पावसामुळे एक दिवस लांबलेला अंतिम सामना १५ ऑगस्टला झाला. प्रतिस्पर्धी तोच, जर्मनी. मध्यंतराला भारत केवळ १-० असा पुढे होता, म्हणजे १७ जुलैची भीती अजून पुरती विरली नव्हती. उत्तरार्धात ओल्या मैदानावर ध्यानचंदने खिळ्यांचे बूट काढून ठेवले. शेवटी ८-१. संपूर्ण स्पर्धेत भारताचे ३८ गोल झाले, अंगावर एक.

त्या दोन सामन्यांमध्ये २९ दिवस आहेत. पहिल्या सामन्याने वर्तवलेले खोटे ठरले, असे वरवर दिसते. पण ते खोटे ठरवण्याची हालचाल त्या सामन्यानेच घडवली होती. जर्मनांनी १७ जुलैला हार पत्करली असती, तर दारा भारतातच राहिला असता. हंगामाच्या आरंभीचा निवाडा केवळ मोजत नाही. ज्याला तो मोजतो त्याला तो बदलतोही. हवामानाच्या अंदाजाने पाऊस बदलत नाही, या निवाड्याने खेळाडू बदलतो. म्हणूनच त्याच्या खरेखोटेपणाची चाचणी शेवटच्या तक्त्याशी ताडून होत नाही, जरी अमेरिकन वृत्तपत्रे दर जानेवारीत नेमके तेच करत असतात.

मुंबईपुरती एक जुनी आठवण येथे नोंदवण्याजोगी आहे. १९२८ साली अॅमस्टरडॅमला निघालेला पहिला ऑलिंपिक संघ बोटीवर चढण्यापूर्वी मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरला. १० मार्चला ‘कैसर-इ-हिंद’ सुटली तेव्हा धक्क्यावर निरोपाला तीन माणसे होती. पाच सामन्यांत २९ गोल करून आणि एकही न खाऊन संघ परतला तेव्हा त्याच बंदरावर गर्दी मावेना आणि शहराचे प्रथम नागरिक डॉ. गो. वि. देशमुख स्वागताला उभे होते. त्या तीन माणसांची यादी कोणत्या आधारावर बनली होती, हे कळण्यास मार्ग नाही. निकालावर तर नव्हे.

राहिली नावांवरून केलेली प्रतवारी. १९३३ साली कलकत्त्याच्या बेटन चषकाच्या अंतिम सामन्यात कलकत्ता कस्टम्ससमोर झाशी हिरोज हा संघ उभा होता. कस्टम्सकडे शौकत अली, सीमन यांच्यासारखे ऑलिंपिक खेळलेले गडी. हिरोजकडे ध्यानचंद, त्याचा धाकटा भाऊ रूपसिंग आणि रेल्वेकडून मुंबईत खेळणारा इस्माईल. बाकीची झाशीची तरुण, अनोळखी पोरे. (रूपसिंगचे नाव आज ग्वाल्हेरच्या स्टेडियमला आहे. सचिन तेंडुलकरने २०१० साली २०० धावा तेथेच केल्या, पण किती जणांनी तेव्हा त्या नावाची चौकशी केली असेल?) कोणत्याही मतदाराने कस्टम्सलाच वर ठेवले असते, आणि बराच वेळ मैदानावरही तसेच चालले होते, हिरोजचा गोल धोक्यात होता. तेवढ्यात ध्यानचंदने मध्यातून एक लांब पास काढून दिला. इस्माईल तो घेऊन अर्धे मैदान धावला, कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांचा एकमेकांविषयी गैरसमज झाला, आणि सामन्यातला एकमेव गोल पडला.

१९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आपला सर्वोत्तम सामना कोणता याचे उत्तर ध्यानचंदने दिले आहे. त्याच्यासमोर अॅमस्टरडॅम होते, लॉस एंजेलिस होते, बर्लिनचा तो पावसाळी उत्तरार्ध होता. त्याने पहिला क्रमांक दिला तो १९३३ च्या या सामन्याला, ज्यात त्याच्या स्वतःच्या नावावर एकही गोल नव्हता.