मूळ प्रत

परवा रविवारी सकाळी माझे एक वकील स्नेही एका दाव्याचे कागद घेऊन टिळकवाडीतल्या माझ्या घरी आले. कागद ठेवायला त्यांना टेबलावर जागाच सापडेना. एका बाजूस पोट उघडून पडलेले एक जुने गणकयंत्र, दुसऱ्या बाजूस सोल्डरिंगची सामग्री, मधोमध स्क्रूंनी भरलेली चहाची बशी. त्यांनी हा सारा पसारा शांतपणे न्याहाळला आणि ते म्हणाले, "वकीलसाहेब, अशिलांची दप्तरे कपाटात कोंबता नि भंगार मात्र टेबलावर मांडता, हा कुठला न्याय?"

मी हसलो. पण ते गेल्यावर त्यांचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. कोणी टपाल-तिकिटे जमवतो, कोणी नाणी. या छंदांना समाजात प्रतिष्ठा आहे. मी मात्र गेली काही वर्षे जुने घरगुती संगणक आणि दूरदर्शन संचाला जोडून खेळायची यंत्रे जमवतो, त्यांना दुरुस्त करतो आणि पुन्हा चालू झाली की मुलासारखा आनंदतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इथल्या भंगारवाल्यांच्या ढिगाऱ्यांत मी ही माणिके शोधली आहेत. या साऱ्याला भंगार म्हणण्याचा माझ्या स्नेह्यांना पूर्ण अधिकार आहे. कारण मलाही एके काळी ते भंगारच वाटले होते, आणि त्या समजुतीपायी मी फार मोठे नुकसान करून बसलो होतो.

माझे बालपण निपाणीत गेले. तंबाखूच्या वखारींचा तो उग्र, नाकात बसणारा वास ज्याने लहानपणी घेतला आहे त्याला तो जन्मभर सोडत नाही. वडील एका वखारीत हिशेब लिहीत. घरात चैनीची वस्तू म्हणावी अशी एकच, एक टेपरेकॉर्डर. १९८५ साली वडिलांनी त्यावर माझ्या आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. आजी पहाटे जात्यावर बसे. पिठाच्या गिरण्या होऊन जमाना लोटला होता, तरी सणासुदीचे पीठ ती हातानेच दळी. वडिलांनी जात्याशेजारी यंत्र ठेवले आणि एका फितीच्या दोन्ही बाजू भरून घेतल्या. पुढच्याच वर्षी आजी गेली. वडिलांनी त्या कॅसेटच्या पाठच्या दोन्ही पट्ट्या मोडून टाकल्या. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तीवर पुन्हा मुद्रण करता येत नाही. एक प्रकारचा मनाईहुकूमच तो.

१९८९ साली माझ्या मावशीचे यजमान वास्कोहून आमच्याकडे आले. ते जहाजावर नोकरीला होते. इंग्लंडमधून त्यांनी एक वापरलेले यंत्र आणि त्यासोबत एक लहानसा कृष्णधवल दूरदर्शन संच आणला होता. यंत्र वहीएवढे, काळे, रबरी कळांचे. 'सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम'. १९८२ च्या एप्रिलमध्ये विलायतेत निघालेला हा संगणक तिथल्या सामान्य कुटुंबांत शिरला, आणि १९८६ साली आपल्याकडेही परवान्याने त्याचा एक अवतार निघाला. त्याची स्मृती होती ४८ किलोबाइट. आज खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्र त्या स्मृतीत मावणार नाही. पण दहा वर्षांच्या मला ते यंत्र अलीबाबाची गुहा वाटले. 'जे' ही एकच कळ दाबली की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, 'पी' दाबली की 'प्रिंट'. मंत्राचे बीजाक्षर असते ना, तसे!

या यंत्राला स्वतःची अशी दप्तरखोली नव्हती. लिहिलेले जपून ठेवायचे तर साध्या कॅसेटवर, ध्वनीच्या रूपाने. शून्यासाठी आखूड स्पंदन, एकासाठी त्याच्या दुप्पट लांब. कानाला ते सारे एक अखंड कर्कश किंचाळणे वाटे. मोठा खेळ असला तर तो यंत्रात उतरायला चांगली पाच मिनिटे लागत, आणि तेवढ्यात निपाणीची वीज गेली की सगळे मुसळ केरात.

मला कॅसेटी हव्या होत्या आणि पैसे नव्हते. वडिलांच्या कपाटात मला एक सापडली. तिच्या एका बाजूला 'आई' असे लिहिले होते. दुसरी बाजू कोरी असेल, असे मी ठरवून टाकले. ऐकून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. मोडलेल्या पट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की मनाईहुकूम उठतो, हे मला शाळेतल्या एका मित्राने शिकवले होते. महिनाभरात ती बाजू मी माझ्या खेळांनी आणि वेड्यावाकड्या आज्ञावल्यांनी भरून टाकली.

आजीच्या वर्षश्राद्धाला वडिलांनी ती कॅसेट लावली. पहिली बाजू संपली. त्यांनी ती उलटली. ओवीऐवजी किंचाळी बाहेर आली. वडिलांनी दोन-चार क्षण ऐकले, यंत्र बंद केले, कॅसेट काढून चिकटपट्टीकडे पाहिले आणि ती माझ्या हातात ठेवली. "तूच ठेव आता," एवढेच म्हणाले. त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते. पुढे मी बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेजात कायदा शिकलो. गुन्ह्याला हेतू लागतो, आणि हेतू नसला तरी निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, हे तिथे शिकवले गेले तेव्हा वर्गात मला एकट्यालाच उदाहरणाची गरज नव्हती. वडील २०११ साली गेले. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

२०२० साली टाळेबंदी आली. न्यायालये ओस पडली. वकिलाला रिकामपण सोसत नाही. मी माळ्यावरचे खोके खाली काढले. स्पेक्ट्रम होता तसाच होता, पण वीज दिल्यावर पडद्यावर नुसते उभे पट्टे. निर्बंध सैल झाल्यावर तो घेऊन मी शहापुरातल्या एका वयोवृद्ध रेडिओ-दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. ते मूळचे म्हापशाचे. घरात कोंकणी, दुकानात मराठी, बाजारात कन्नड. त्यांना सगळे 'बाब' म्हणतात, मीही म्हणतो. बाबांनी झाकण उघडले, भिंग लावून बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "हें मरूंक ना, न्हिदलां."

मेलेले नाही, निजले आहे. पुढचे सहा महिने दर शनिवारी मी बाबांचा शागीर्द झालो. किल्लीफलकाखालची पातळ पारदर्शक पट्टी वाळून तडकली होती. ती नवी मागवली. कपॅसिटर सुकले होते. खालच्या सोळा किलोबाइटच्या आठ चिपांना तीन वेगवेगळे विद्युद्दाब लागतात, पाच, बारा आणि उणे पाच. त्यातला उणे पाच बंद पडला की बाकीचे दोन त्या चिपांचा जीव घेतात. आमच्या यंत्रात नेमके तेच झाले होते. एक लहानसा ट्रान्झिस्टर मेला आणि जाताना आठांतल्या दोघींना घेऊन गेला. "घरांतूय अशेंच जाता," बाब म्हणाले. घरातही असेच होते!

वरच्या बत्तीस किलोबाइटची कथा मला अधिक आवडते. त्या जागी बसवलेल्या चिपा मुळात चौसष्टाच्या. कारखान्यात तपासणीत त्यांचा अर्धा भाग सदोष निघाला होता. फेकून देण्याऐवजी त्या स्वस्तात विकल्या गेल्या, आणि सिंक्लेअरच्या कारागिरांनी त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. जन्मतःच अर्ध्या निकामी ठरलेल्या त्या आठही चिपा आमच्या यंत्रात धडधाकट होत्या. निर्दोष म्हणून निवडलेल्यांपैकी दोन मेल्या होत्या! माणसांची पारख करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात एका शनिवारी पडदा पांढरा झाला आणि तळाशी १९८२ सालची ती ओळखीची ओळ उमटली. आता त्याला काहीतरी भरवून पाहायला हवे होते. माझ्याजवळ त्या काळची एकच कॅसेट उरली होती. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. वाचकडोक्याचा कोन बारीक स्क्रूने जुळवला. तीनदा यंत्राने 'वाचता येत नाही' म्हणून निकाल दिला. चौथ्यांदा पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागले. ते रंगीत असतात हे मला तेव्हा प्रथम कळले. लहानपणी मी ते करड्या रंगातच पाहिले होते.

आज्ञावली उतरली. मी लिहिलेली, पाढे म्हणून दाखवणारी, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली. मी आणि बाब तिच्याकडे पाहून हसत होतो. कॅसेट बंद करायचे भान राहिले नाही. यंत्राला जोडलेली तार मी सहज उपसली, आणि तार निघताच टेपरेकॉर्डरचा स्वतःचा कर्णा मोकळा झाला.

जात्याची घरघर. मग ती थांबली. आणि एक थकलेला, जरा चिडलेला आवाज म्हणाला, "झालं न्हवं? बंद कर की त्ये आता."

त्यानंतर पुन्हा किंचाळी सुरू झाली.

एक आज्ञावली संपली की फीत थोडी पुढे सरकवून मी दुसरी भरत असे. मधल्या त्या कोऱ्या समजलेल्या फटीत मी काही लिहिले नव्हते, म्हणून काही पुसलेही नव्हते. अकरा सेकंद. सबंध बाजूवर तेवढेच उरले होते. मी नंतर ती इंचाइंचाने ऐकली. ओवी एकही नाही. आजी कंटाळून वडिलांना दटावते आहे, तेवढेच. पहिल्या बाजूवर तिच्या ओव्या आहेत, त्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण ओवी म्हणताना माणूस थोडा ओवीचा होतो. या अकरा सेकंदांत ती फक्त आमची आजी आहे.

बाबांनी काही विचारले नाही. ते आत जाऊन चहा सांगून आले.

आमच्या धंद्यात मूळ प्रतीला फार मान. १८७२ सालच्या पुरावा कायद्याने प्राथमिक पुरावा म्हणजे प्रत्यक्ष मूळ दस्तऐवज, असे सांगितले. नक्कल ती दुय्यम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने यात नवी भर घातली. विद्युतीय नोंद एकाच वेळी वा क्रमाने अनेक फाइलींत साठवली गेली तर त्यांतली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावाच समजायची. कायद्याला हे ठीक आहे. मीही त्या अकरा सेकंदांच्या प्रती करून भावाला, आत्याला, वास्कोच्या मावशीला पाठवल्या. सर्वांनी त्या ऐकल्या, सर्वजण रडले. तरी माझी मूळ प्रत कोणती, असे कोणी विचारले तर मी ती कॅसेटच दाखवीन. कारण तिच्यात आजीच्या आवाजाबरोबर माझा अपराधही मुद्रित आहे. नुसता आवाज वेगळा काढला तर साक्ष अर्धी होते.

पुण्याचे एक तरुण स्नेही मला सांगतात, "काका, जुने खेळ आता लॅपटॉपवर हुबेहूब चालतात, हा खटाटोप कशाला?" त्यांचे बरोबर आहे. खेळ चालतात. पण लॅपटॉपसाठी मी माळा उपसला नसता, पट्टा बदलला नसता, तार उपसली नसती. जुनी वस्तू जपणे म्हणजे तिचा उपयोग जपणे नव्हे. तिच्या फटींत काय राहून गेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, एवढी जाणीव जपणे. आपल्या सीमेवरच्या मुलखाला ही गोष्ट निराळी सांगायला नको. इथे प्रत्येक घरात एका भाषेवर दुसरी, एका नावावर दुसरे लिहिले गेले आहे, आणि कान दिला तर मधल्या जागेत अजून कोणीतरी बोलत असते.

माझ्या टेबलावर सध्या जो संगणक उघडा पडला आहे तो इथल्या एका भंगारवाल्याकडून आणला. कोणाचा, कुठून आला, त्याला माहीत नाही. सोबत एका पिशवीत तीन कॅसेटी होत्या, नावे नसलेल्या. त्या मी यंत्राला जोडण्यापूर्वी आधी नुसत्या कानाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ऐकतो आहे. दोन झाल्या. त्यांत किंचाळण्यावाचून काही नाही. तिसरी आज रात्री ऐकायची आहे.

स्नेह्यांचे कागद तोवर कपाटात राहतील. तारीख पंधरा दिवसांनी आहे.