आवाज मोठा आहे का?

नव्या फोनच्या डब्यात बारीक अक्षरांचं एक घडीचं पुस्तक येतं. ते वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. पण मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली, हाताशी दुसरं काही छापील नव्हतं, म्हणून मी ते उघडलं. आत एक ओळ होती : हे उपकरण 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावे.

पस्तीस! चंद्रपुरात होळीची लाकडं गोळा होत असतात तेव्हाच पारा 35 ओलांडून पुढे गेलेला असतो. मे महिन्यात 46-47 ही आमच्याकडे मोठी बातमी नाही. ब्रह्मपुरीचा आकडा चंद्रपूरपेक्षा अर्ध्या अंशाने वर गेला तर पानठेल्यावर तेवढी चर्चा होते, तीही थोड्या हेव्याने. त्या पुस्तकाच्या हिशोबाने हा फोन आमच्याकडे दिवाळीनंतर पाहुणा म्हणून यावा आणि शिमग्याआधी परत जावा. बहुतेक भारी फोनच्या पुस्तकांत हाच आकडा असतो. ज्यांनी तो लिहिला, त्यांना दुपारी दोन वाजता बल्लारशाच्या फलाटावर कोणाला तरी फोन करायची वेळ आलेली नसणार.

पण फोन तापतो याची खरी तक्रार इथे कोणी करत नाही. माणूसच तापतो तिथे फोनचं काय? आमच्या तक्रारी वेगळ्या असतात, आणि त्यांचं मूळ कूलरमध्ये आहे. विदर्भाचा कूलर म्हणजे पत्र्याचा पेटारा, तीन बाजूंनी ताट्या, आत पाण्याची मोटर आणि एक असा पंखा की तो सुरू झाला की घरातलं संभाषण बंद. मार्च ते जून आम्ही खुणांनी बोलतो. त्यामुळे टीव्ही चांगला म्हणजे काय, याची आमची व्याख्या अगदी सरळ आहे : कूलर चालू असताना बातम्या ऐकू आल्या पाहिजेत. दुकानातला पोरगा फोर के सांगतो, रंग किती कोटी ते सांगतो, आणि शेवटी एखादा धोतरवाला म्हातारा त्याला थांबवतो : ‘‘भाऊ, चित्र तं साऱ्याच टीव्हीत दिसते. आवाजाचं सांग.’’

त्या आवाजाचं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. टीव्ही भिंतीवरच्या कॅलेंडरइतका पातळ झाला, तेव्हा स्पीकरला जागाच राहिली नाही. तो आता खालच्या कडेला दडून जमिनीकडे तोंड करून पुटपुटतो. जुन्या खोक्याच्या टीव्हीत काचेच्या दोन्ही बाजूंना जाळ्या असत आणि आवाज सरळ तोंडावर येई. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने नव्वदच्या दशकात बझुंबा म्हणून टीव्ही काढला होता. नावातच धमक होती, आणि आमच्या गल्लीतल्या एका बझुंबावर चार घरं क्रिकेट ऐकत. आता साउंडबार म्हणून वेगळी पट्टी घ्या म्हणतात. बैल विकून पायांचे पैसे वेगळे मागावेत, तसं हे.

आवाजाबद्दल आम्ही इतके हट्टी का, याचं माझं उत्तर वडशात आहे. वडसा म्हणजे देसाईगंज, गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचं गाव. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे ओळीने लागलेली आहेत. धान कापून झालं, भाऊबीज उलटली, की गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. ते थेट होळीपर्यंत चालतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, एका रात्रीत कितीतरी मांडवांत पडदा वर जातो. पडदा जातो दहाला, अकराला. खाली येतो तो पूर्वेला फटफटताना. लेकी-जावई मुक्कामाला येतात, कोणाच्या मुलीला कोण बघून घेतं तेही याच गर्दीत. 2023 मध्ये या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या काही लोकांना कळलं की इकडे असंही काही आहे.

या नाटकाचा खरा नायक मला लहानपणापासून वरून टांगलेला माइक वाटत आला आहे. रंगमंचाच्या पुढच्या भागात, डोक्याच्या थोडं वर, वायरला लोंबणारा. सगळं नाट्य त्याच्या मर्जीने चाले. नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण असलं तरी दोघांना एकाच माइकखाली यावं लागे; ‘‘चालता हो माझ्या घरातून’’ हे वाक्य ती त्याच्या खांद्याला खांदा लावून म्हणे. मरणारा बापही मरायच्या आधी दोन पावलं पुढे सरके. बाहेरून आलेल्या एखाद्या नटाला हे माहीत नसायचं. तो मागे कोपऱ्यात उभा राहून भावनेत शिरायचा आणि मागच्या रांगेतून ओरडा यायचा, ‘‘माइकवर ये ना बे!’’ की तो बिचारा अश्रू पुसत पुढे.

आणि तो माइक भेदभाव करत नसे. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाजही तो इमानेइतबारे उचले. त्यामुळे नायकाचं वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येई : आधी कोरडं, घाईघाईने, खाकरत, मग तेच वाक्य गळा भरून. माझ्या शेजारी बसलेली मावशी पहिल्यालाच रडून घ्यायची, म्हणजे दुसऱ्या वेळी तिला नीट बघता येई. एका रात्री भारनियमनाची वेळ झाली आणि ऐन कोर्टाच्या प्रवेशात सगळं अंधारलं. मागे जनरेटरची दोरी कोणीतरी ओढत होतं. तो खोकायचा आणि थांबायचा. आम्हाला वाटलं आता चहाची वेळ. पण खलनायक झालेला माणूस, चांगला जाडजूड, अंधारातच पुढच्या कडेला आला आणि माइकविना बोलायला लागला. हजारभर माणसं कांबळी, शाली, पोती पांघरून बसलेली, धानाच्या कापलेल्या बुडख्यांवर ताडपत्री टाकलेली, थंडी अशी की तोंडातून वाफ निघावी. त्याचा आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत गेला. वकील, न्यायाधीश, सगळे मग तसेच बोलू लागले, आणि गंमत म्हणजे प्रॉम्प्टरलाही जोर चढला. पेटी वाजवणाऱ्याने मध्येच एक सूर धरून ठेवला. जनरेटर सुरू झाला तेव्हा काही लोकांनी चक्क ‘‘बंद कर’’ म्हणून आरडाओरडा केला.

आता मांडवात शेकडो फोन वर धरलेले असतात. दुसऱ्या दिवशी नाटकाचे तुकडे यूट्यूबवर येतात. टीव्ही आला तेव्हा लोक म्हणाले नाटक संपलं, व्हिडिओ हॉल आले तेव्हा म्हणाले, मोबाइल आला तेव्हा तर खात्रीने म्हणाले. तिकिटं अजून खपतात. मी ते तुकडे बघतो. चित्र हलतं, मध्ये कोणाचं तरी डोकं येतं, पण प्रॉम्प्टर स्वच्छ ऐकू येतो. काही कंपन्या नटांच्या कॉलरला बिनतारी माइक लावू लागतील अशी मला भीती वाटते. मग नवरा-बायको रंगमंचाच्या दोन टोकांना उभे राहून भांडतील, आणि त्यात काही राम राहणार नाही.

फोनच्या बाबतीत मोहर्लीच्या गेटवर उलटा न्याय आहे. ताडोबाच्या जंगलात 2018 पासून पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही. हातभर लांब भिंगाचा कॅमेरा चालतो, खटखट वाजला तरी चालतो. खिशातला फोन नाही. मला हा नियम आवडतो. एका जिप्सीतून दुसऱ्या जिप्सीला ‘वाघ इथे आहे’ कळणं थांबतं आणि वाघिणीभोवती गाड्यांचा बाजार थोडा कमी भरतो. पण त्याच जंगलाच्या कडेला, बफरमधल्या गावांत, एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया निघतात, तेव्हा वनखातंच सांगतं : गटाने जा, मोठ्याने बोलत राहा. गुराख्याच्या खिशातला फोन तिथे गाणी ओरडत असतो, फाटक्या स्पीकरचा, आणि ती करमणूक नसते. पाहुण्याने गप्प राहायचं, रहिवाशाने आवाज करायचा. फोन तोच.

वाघाचे फोटो मात्र खरे काढतात ते झाडाला बांधलेले डबे. उष्ण अंग समोरून हललं की तो डबा आपोआप टिपतो. दोन डबे समोरासमोर, कारण वाघाच्या उजव्या कुशीचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात. 2018 च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांहून जास्त, त्यांत वाघाचे 76,651. बाकीच्यांत सांबर, चितळ, डुकरं. सरपण नेणारी माणसंही अशा डब्यांसमोरून जातात; त्यांना कोणी विचारून फोटो काढत नाही. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, बोलायला हवं.

पुन्हा आवाजाकडे येतो. माझे वडील आकाशवाणी नागपूर लावायचे, 585 किलोहर्ट्झवर. ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून, तोंड उत्तरेकडे वळवून. पुढे फोनमध्ये एफएम आलं आणि कानात घालायची तार हीच त्याची एरियल झाली. ही युक्ती मला अजूनही देखणी वाटते. मग फोनवाल्यांनी तारेचं भोकच बुजवलं आणि रेडिओ गेला. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, लाइट जाते, टॉवरची बॅटरी उतरली की रेंज जाते. तेव्हा हातातल्या त्या चकचकीत वस्तूची फक्त टॉर्च पेटते. 2003 चा नोकिया 1100 तेवढं काम करत होताच. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 2023 च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सूचना केली की फोनमधलं एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत ते उपयोगी पडतं. सूचना म्हणजे सक्ती नव्हे, हे कंपन्यांना बरोबर कळतं.

तेव्हा या दिवाळीला फोन घेणार असाल तर एवढं करा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर विचारा. आधी खालच्या कडेला तारेचं गोल भोक आहे का ते बघा, मग दुकानातच एक गाणं लावून आवाज पूर्ण मोठा करा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन ऐका. दुकानदार चिडला तर शेजारी दुसरं दुकान असतंच.