बावचीचा लेप

गेल्या मार्चांत एक माता आपल्या मुलासह माझ्या घरीं आली. मुलाच्या मनगटावर कोडाचा रुपयाएवढा डाग होता व तो झांकण्यासाठीं ऐन उकाड्यांतहि मुलगा लांब बाह्यांचा सदरा घालून वर्गांत बसे. "मास्तर, बावचीचा लेप लावून ह्याला किती वेळ उन्हांत बसवूं?" असें तिनें विचारलें.

सोळाव्या वर्षीं मलाहि असाच डाग आला होता. कोणाच्याशा सांगण्यावरून मीं बावचीचें चूर्ण तेलांत खलून लावलें आणि भर दुपारीं तासभर उन्हांत हात धरून बसलों. सायंकाळपर्यंत कांहींच दिसेना, म्हणून उतावळेपणानें दुसरे दिवशीं पुन्हां बसलों! तिसरे दिवशीं मनगट लाल होऊन मोठमोठे फोड आले. औषधच खोटें, असें घरच्यांनीं ठरविलें. पण खोटें तें नव्हतें. आमचें ज्ञान तोकडें होतें.

बावचींत सोरॅलेन नांवाचें द्रव्य असतें. अंधारांत तें स्वस्थ असतें. उन्हांतील अतिनील किरण शोषतांच मात्र तें पेशींतील डीएनएला जखडतें, आणि त्याची कांहीं शक्ति प्राणवायूस मिळून तो उग्र बनतो. हा प्राणवायु प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन आदि घटकांवर तुटून पडतो. प्रथिनाची घडी विसकटते व तें निकामी होतें. साधें ऊन कांहीं तासांतच त्वचा लाल करतें. ही इजा मात्र दोन-तीन दिवसांनीं पुरती उमटते. माझी फसगत झाली ती येथेंच.

अशीं द्रव्यें बाहेरूनच येतात असें नाहीं. रक्ताचें हीम बनतांना प्रत्येकाच्या शरीरांत पॉर्फिरिनें तयार होतात. तीं सांठलीं तर ऊन सोसवत नाहीं. 1912 सालीं मायर-बेट्झ ह्या जर्मन वैद्यानें 200 मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरीन स्वतःस टोचून घेतलें. उन्हांत जातांच त्याचा चेहरा व हात सुजले, आणि ही पीडा कित्येक आठवडे टिकली. मीं अजाणतां केलें तें त्यानें जाणूनबुजून केलें!

त्या बाईंस मीं सांगितलें, "घरीं लेप लावूं नका. त्वचेचे डॉक्टर औषध आणि किरण दोन्हीं मोजून देतात, त्यांच्याकडे जा."

मुलगा माझ्या मनगटावरील काळसर वण निरखीत होता. "सर, तुमचा डाग गेला का?"

"नाहीं, बाळ. वणाच्या पलीकडे आहे तसाच आहे," असें म्हणून मीं हात उजेडांत धरला. त्यानेंहि हळूच आपली बाही वर केली, ती निघेपर्यंत खालीं घेतली नाहीं.