हजेरी कोण घेणार?

घरबसल्या शिकायला बसलेल्या माणसाची हजेरी कुणी घेत नाही. घंटा होत नाही, लक्ष उडालं तर शेजारून कोपर मारणारं कुणी नसतं. पडद्यावरचे सर शिकवत राहतात आणि आपण मध्येच उठून दुधाखालचा गॅस बंद करायला जातो. सुरुवातीला ही मोकळीक फार हवीशी वाटते. पंधरवड्यात तिचं ओझं होतं. आज राहिलेलं उद्या, उद्याचं रविवारी, असं करत कोर्स मागे पडतो. आणि त्याच्यासोबत स्वतःविषयीचं एक मत मनात घट्ट होत जातं, की आपल्याच्याने काही तडीस जात नाही. मला काळजी वाटते ती या मताची. बुडालेला कोर्स पुढच्या सत्रात पुन्हा घेता येतो. स्वतःवरचा भरवसा बुडाला, तर माणूस पुन्हा नाव नोंदवायलाच धजत नाही.

माझी भाची सांगलीला असते. बी.कॉम. झाल्यावर लग्न, मग मुलगी, मग घर. मुलगी शाळेत रुळल्यावर तिने एनपीटेलवरचा संख्याशास्त्राचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. शिकण्याचे पैसे पडत नाहीत. दर आठवड्याला नवी व्याख्यानं येतात आणि त्यांच्यावरची असाइनमेंट ठरल्या तारखेला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांच्या आत भरावी लागते. शिस्त म्हणून बाहेरून मिळते ती एवढीच. बाकीचे सहा दिवस ज्याचे त्याने सांभाळायचे.

ती ते सांभाळते एलआयसीच्या एका जुन्या, कोऱ्या राहिलेल्या डायरीत. डाव्या पानावर सकाळी लिहिते, ‘ठरवलं’. उजव्या पानावर रात्री, ‘झालं’. दिवाळीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने ती माझ्यापुढे ठेवली. ‘‘मावशी, वाच. पण अक्षराला हसू नकोस.’’ हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एका पानावर डावीकडे लिहिलं होतं, ‘प्रमाण विचलन, पूर्ण व्याख्यान’. उजवीकडे, ‘व्याख्यान पाहिलं. सोपं वाटलं. मोबाइल बंद करून करायला घेतलं, जमलं नाही.’ खाली आठ आकडे एका ओळीत: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५. मग प्रत्येक आकड्यातून ५ वजा केलेले, त्यांचे वर्ग, वर्गांची बेरीज ३२. इथे एक खाडाखोड होती, कारण दोनाचा फरक वजा तीन येतो आणि त्याचा वर्ग तिने आधी वजा नऊ मांडला होता. मग ३२ भागिले ८, चार, त्याचं वर्गमूळ २. त्या दोनाभोवती पेनाने दोनदा गोल काढलेला. शेजारी, ‘कळलं. ११ वाजले.’

त्या पानावर मी बराच वेळ रेंगाळले. ‘सोपं वाटलं’ आणि ‘जमलं नाही’ ही दोन वाक्यं लागोपाठ लिहायला मनाचा खरेपणा लागतो. दुसऱ्याला शिकवताना पाहिलं की आपल्यालाही आल्यासारखं वाटतं, हा ऑनलाइन अभ्यासातला मोठा चकवा आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना स्वतःची जास्त खात्री वाटते, पण आठवड्यानंतर जास्त आठवतं ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना. भाचीने हा प्रयोग वाचलेला नाही. मोबाइल बंद करून पेन हातात घ्यायचं, हे तिचं तिलाच सापडलं.

आत्मविश्वास वाढवायचा म्हणून आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम आहे’ म्हणायला सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मनाला पुरावा लागतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं: ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काहीतरी करून दाखवल्याने, दुसऱ्याने दिलेला धीर त्या मानाने दुबळा पडतो. बंडुरा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या एका खेड्यात वाढला. शाळेत शिक्षक मोजके, त्यामुळे मुलांना बरंचसं आपलं आपणच शिकावं लागे. त्याच्या सिद्धान्तामागे ती शाळा असणार, असं मला नेहमी वाटतं.

त्याच्याही आधी, १८९० मध्ये, विल्यम जेम्सने आत्मसन्मान चक्क अपूर्णांकात मांडला होता. अंशाला यश, छेदाला अपेक्षा. अंश वाढवा किंवा छेद कमी करा, किंमत वाढतेच. भाचीच्या डायरीत हा अपूर्णांक सुधारताना दिसतो. पहिल्या आठवड्यांत डावीकडे ‘दोन व्याख्यानं, टिपणं, सराव’ आणि उजवीकडे ‘काही नाही’. पुढे डावीकडे ‘वीस मिनिटं’ येतं आणि उजवीकडे ‘वीस मिनिटं’. कुणाला ही माघार वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. दिलेला शब्द पाळता येईल एवढाच द्यावा, हा व्यवहार आपण परक्यांशी काटेकोरपणे पाळतो. स्वतःशीही तो तितक्याच अदबीने पाळायला हवा.

समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने उतरल्यासारखा दिसावा, असा त्यांचा आग्रह. ग्रंथाला ते शोभतं. रोजनिशीचं अक्षर मात्र दिवसागणिक बदलू द्यावं. भाचीचं सकाळचं अक्षर टपोरं आहे, रात्रीचं उतरतं. सासूबाई दवाखान्यात होत्या त्या दिवसांतलं तर जेमतेम लागतं. त्या सबंध आठवड्याची नोंद एका ओळीत आहे: ‘अभ्यास नाही. रात्री मी थांबते, दिवसा हे.’ सबब नाही, स्वतःला शिव्याशाप नाहीत. ही ओळ मला त्या गोल केलेल्या दोनाइतकीच मोलाची वाटते. चुकलेल्या दिवसांची पानं फाडून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. फाडलेल्या पानांबरोबर त्यांचा नेमही जातो.

आणि नियम करणाऱ्यांनाही माणसाची घडी विस्कटते हे ठाऊक असावं. कारण १२ आठवड्यांच्या या कोर्समध्ये गुण धरतात ते सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटचे. दवाखान्याचा आठवडा त्यात सामावून गेला. पण असाइनमेंटचा वाटा २५ टक्के. उरलेले ७५ टक्के परीक्षेचे, आणि ती केंद्रावर जाऊनच द्यायची. तिचं केंद्र कोल्हापूरला आलं आहे. परवा फोनवर म्हणाली, ‘‘अभ्यासाचं होईल गं मावशी. पहिली एसटी पकडायची तर मुलीचं आवरणार कोण, ते ठरायचंय अजून.’’ मी म्हटलं, आदल्या दिवशी मीच येते.