जुन्या सायकलचे रास्त मोल

वस्तूचा भाव सांगणे हा व्यापारी घराचा रोजचा धर्म. तरीही दुकानातील जुनी सायकल विकायची वेळ आली की अनुभवी माणसाचाही अंदाज डगमगतो. मालकाला तिच्यासोबत सरलेली वर्षे दिसतात, तर गिऱ्हाइकाला आधी गंज दिसतो. म्हणून मोल सांगणारा तिसरा असावा आणि त्या सौद्यात त्याचा लाभ नसावा. जो मेकॅनिक ती सायकल स्वतःच घेऊ पाहतो, तो कितीही जाणकार असला तरी त्याचा सल्ला तटस्थ राहत नाही.

तटस्थ मोलाची रीत साधी आहे. जुन्या पावतीवरची रक्कम बाजूला ठेवून आज तशीच नवी सायकल केवढ्याला मिळते, तेथून हिशेब सुरू करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवीचा भाव उतरला की जुनीलाही उतरावे लागते.

मग फ्रेम तपासावी. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर झिजणारच. ते बदलता येते. फ्रेमला तडा असेल किंवा चिमटा वाकला असेल, तर वरचा रंग कितीही चकाको, सायकल भंगाराच्या भावाकडे झुकते. समजा, नवी सायकल ७,००० रुपयांना मिळते आणि तशीच सुस्थितीतील जुनी ३,५०० रुपयांना विकली जाते. हातातल्या सायकलची दुरुस्ती १,२०० रुपयांची असेल, तर तिचे रास्त मोल २,३०० रुपये. खातेवहीत घसाऱ्यानंतर किती रक्कम उरली, याचा येथे संबंध नाही.

फ्रेमवर कोरलेला क्रमांक पावतीशी ताडून पाहावा; तो खरवडलेला असेल तर सौदा थांबवावा. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे जसे आहे, तसाच नकली माल खरा म्हणून खपवण्याचा व्यवहारही आहे. रंगाखाली तडा झाकणे याहून फारसे वेगळे नाही.

खरी कसोटी लागते ती सायकल दुकानातल्या नोकराला देताना. रक्कम पगारातून वळती होणार असते आणि मालकाशी घासाघीस करण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. मालक उदारपणे ‘तुझ्यासाठी ३,०००’ म्हणतो, नोकर मान डोलावतो, आणि ७०० रुपये जास्त देऊनही उपकाराचे ओझे त्याच्याच डोक्यावर राहते. अशा वेळी बाहेरच्या जाणकाराला तपासणीची ठरावीक मजुरी देऊन मोल काढावे आणि ते दोघांसमोर सांगावे. त्यानंतर मालकाने हवी तेवढी सूट द्यावी, वाटल्यास सायकल तशीच द्यावी. मोल आधी ठरले, तरच सूट ही खरी सूट असते.